चहा, वाईन आणि अंगातले रक्त



आपल्या वाचकांकडून दोन प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. पहिला असा: "ग्रीन टी प्रकृतीला चांगला असतो म्हणतात. मग नाताळच्या भेटीत पाड्यांवर साध्या चहापत्तीऐवजी तोच पाठवावा का?" दुसरा प्रश्न थोड्या दबक्या आवाजात विचारला जातो: "रोज थोडी लाल वाईन हृदयाला चांगली, असे वर्तमानपत्रांत छापून येते. ते खरे आहे का?"

वरवर पाहता दोन्ही प्रश्नांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. चहाच्या पानात आणि द्राक्षाच्या सालीत वनस्पतींनी तयार केलेली काही द्रव्ये असतात, त्यांना पॉलिफिनॉल म्हणतात. हल्ली चहाच्या खोक्यावर, चॉकलेटच्या वेष्टनावर, गोळ्यांच्या जाहिरातीत हा शब्द आढळतो. शहरात नीट जेवणाऱ्या माणसाला ही द्रव्ये बहुधा उपकारकच ठरतात. परंतु ज्या बाईच्या ताटात भाकरी, मीठ-मिरची आणि पातळ डाळ एवढेच असते, तिच्या ताटातील थोडेसे लोहही हीच द्रव्ये अडवून ठेवतात. आपण मदत म्हणून जे पाठवतो, जे सांगतो, त्याचा तिच्या अंगातल्या रक्ताशी थेट संबंध येतो. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

तुरट चव कुठून येते?

पॉलिफिनॉल हे नाव ऐकून कुणाला फरशी पुसायचे फिनाईल आठवेल, पण घाबरण्याचे कारण नाही. आपण ही द्रव्ये लहानपणापासून खात आलो आहोत. कच्चे केळे, जांभूळ, सुपारी, हिरडा किंवा खूप उकळलेला कोरा चहा तोंडात घेतला की जीभ आवळल्यासारखी होते. हा तुरटपणा टॅनिन या पॉलिफिनॉलचा असतो. लाळेतील प्रथिनांना टॅनिन चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते.

झाडाला शत्रूपासून पळून जाता येत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरे आणि कडक ऊन यांपासून बचाव करण्यासाठी ते पानांत, सालीत आणि फळांच्या आवरणात अशी द्रव्ये साठवते. त्यांचे हजारो प्रकार शास्त्रज्ञांनी नोंदले आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याची जुनी विद्या याच गुणावर चालते. टॅनिन कातड्यातील प्रथिनांना घट्ट बांधते, म्हणून कातडे कुजत नाही. जुन्नर, आंबेगाव भागातील महादेव कोळी कुटुंबे रानातून हिरडा गोळा करून विकतात, त्याला बाजारात मागणी असते ती या टॅनिनमुळेही. टॅनिन जसे प्रथिनांना धरते, तसेच ते लोहालाही धरते, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचाच संबंध येणार आहे.

पॉलिफिनॉलची कीर्ती झाली ती 'अँटिऑक्सिडंट' या शब्दामुळे. परीक्षानळीत ही द्रव्ये पेशींना इजा करणाऱ्या कणांना निष्प्रभ करतात, हे खरे आहे. त्यावरून कोणत्या पदार्थात ही शक्ती किती, याची कोष्टके निघाली आणि कंपन्या ती जाहिरातीत वापरू लागल्या. अमेरिकेच्या कृषी खात्याने असे एक मोठे कोष्टक प्रसिद्ध केले होते. परीक्षानळीतील आकड्यांवरून माणसाच्या शरीरावरचा परिणाम ठरवता येत नाही, असे सांगून २०१२ साली त्याच खात्याने ते मागे घेतले. आपण खाल्लेल्या पॉलिफिनॉलपैकी थोडाच भाग जसाच्या तसा रक्तात जातो. बराचसा मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जीवाणू त्याचे तुकडे करतात. फायदा होतो तो बहुधा या तुकड्यांतून आणि रक्तवाहिन्यांवर होणाऱ्या सौम्य परिणामातून. तो हळूहळू होतो, औषधाच्या गोळीसारखा चटकन होत नाही.

हिरवा चहा आणि आपला चहा

ग्रीन टी आणि आपला रोजचा चहा एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. फरक पुढच्या प्रक्रियेत आहे. हिरव्या चहासाठी पाने खुडल्यावर लगेच वाफवतात किंवा गरम कढईत परततात. त्यामुळे पानातील रंग बदलणारे विकर निकामी होते आणि कॅटेचिन नावाची पॉलिफिनॉल तशीच टिकतात. काळ्या चहासाठी पाने चुरडून हवेवर ठेवतात. सफरचंद कापून ठेवले की जसे तपकिरी होते, तशीच क्रिया येथे होते. कॅटेचिनचे रूपांतर थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या द्रव्यांत होते. चहाचा लालसर रंग आणि कडकपणा त्यांच्यामुळेच येतो. आपल्याकडे दाणेदार चहा चालतो. तो यंत्रात दाबून, फाडून, वळवून केलेला असतो, त्यामुळे कमी पत्तीत लवकर रंग येतो. पॉलिफिनॉल दोन्हींत भरपूर असतात, फक्त त्यांचे प्रकार वेगळे असतात.

चहाच्या बाजूने बोलणारे अभ्यास आहेत आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. जपानच्या मियागी प्रांतातील ४०,५३० प्रौढांच्या पाहणीचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच किंवा अधिक कप हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी आढळले. ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांच्या माहितीवरून २०२२ साली असे दिसले की दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा, तोही बहुतेक काळाच, पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी होता. दूध घातल्याने त्यात फरक पडला नाही.

मात्र या पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत. चहा पिणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. शिवाय जपान आणि ब्रिटन येथील लोकांच्या ताटात मासे, मांस, अंडी, फळे पुरेशी असतात. ही गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे.

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. महागडा ग्रीन टी पाठवून पाड्यावरच्या कुणाचेही विशेष भले होणार नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या तर कुणीच मनाने घेऊ नयेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की अशा गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक कॅटेचिन पोटात गेल्यास यकृताला इजा होण्याची चिन्हे दिसतात. कपातून प्यालेल्या चहाबद्दल अशी भीती नाही.

चहा आणि ताटातले लोह

अन्नातील लोह दोन प्रकारचे असते. मांस, कलेजी, मासे यांतील लोहाचा बराचसा भाग रक्तातील हिमोग्लोबिनसारख्या रूपात असतो आणि तो शरीरात सहज शोषला जातो. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतील लोह निराळ्या रूपात असते. ते मुळातच थोडे शोषले जाते, आणि सोबत काय खाल्ले-प्यायले यावर त्याचे शोषण फार अवलंबून असते. चहातील टॅनिन पोटात या लोहाला बिलगते आणि न विरघळणारी जोडी तयार होते. ती आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाही, शौचावाटे बाहेर पडते.

हे १९७५ सालापासून माहीत आहे. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी ब्रेडमधील आणि भात-बटाट्याच्या जेवणातील लोह चहामुळे कसे अडते ते दाखवून दिले. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणाबरोबर चहा घेतल्यावर लोहाचे शोषण ६४ टक्क्यांनी घटले, कॉफी घेतल्यावर ३९ टक्क्यांनी. १९९९ साली ब्रेडच्या जेवणाबरोबर निरनिराळी पेये देऊन पाहिली, तेव्हा काळ्या चहाने शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी खाली आणले. पुदिन्याचा काढा आणि कोको हेही फार मागे नव्हते. चहात दूध घातले म्हणजे टॅनिनचा जोर मोडतो असे पुष्कळांना वाटते. त्याच अभ्यासात दुधाने जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

आता पाड्यावरचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे चूल पेटते ती कोऱ्या चहासाठी. दूध विकत घेणे परवडत नाही, म्हणून पत्ती, साखर आणि पाणी, आणि पत्तीला शेवटपर्यंत रंग येईल इतके उकळलेले. त्यात रात्रीची भाकरी किंवा टोस्ट बुडवून मुले खातात. तीच त्यांची न्याहारी. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर गेलेली माणसे दुपारची भाकरीही चहाबरोबर संपवतात, कारण कालवण करायला वेळ नसतो आणि गोड चहाने भूक मरते. पूर्वी या वेळेला नाचणीची आंबील किंवा तांदळाची पेज असे, तिची जागा बऱ्याच घरांत चहाने घेतली आहे. म्हणजे दिवसभरात लोह मिळण्याचे जे दोन प्रसंग येतात, नेमक्या त्याच वेळी टॅनिन हजर असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. देशभरातील आदिवासी स्त्रियांत ते ६० टक्क्यांहूनही अधिक आहे. आसामच्या चहामळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणारे बहुसंख्य मजूर छोटा नागपूर व आसपासच्या भागांतून नेलेल्या आदिवासी कुटुंबांतले आहेत, आणि चहा खुडणाऱ्या त्या बायकांमध्येही रक्तक्षय मोठ्या प्रमाणावर आहे.

सगळा दोष चहाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अपुरे अन्न, लवकर लग्न, लागोपाठची बाळंतपणे, हिवताप, अनवाणी चालण्याने होणारे आकडेकृमी ही मोठी कारणे आहेत. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांत सिकलसेलचा आजारही आढळतो. त्यात रक्त कमी होण्याचे कारण वेगळे असते, म्हणून तपासणी न करता अशा रुग्णाला लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. पण या सर्व कारणांपैकी चहाची वेळ बदलायला एक पैसाही लागत नाही. बाकीच्या लढाया लांबच्या आहेत, ही आजपासून सुरू करता येते.

गोळी चहाबरोबर गिळली तर?

गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यातून किमान १८० दिवस रोज एक लोहाची लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक आम्ल असते. आशाताई ती घरपोच आणून देतात. पण गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून पुष्कळ जणी ती टाळतात. ज्या घेतात त्यांतल्या कित्येक जणी ती सकाळच्या गोड चहाबरोबर गिळतात, कारण तोंडाची चव जाते ती चहाने सावरते. आरोग्य शिबिरांतही हेच दिसते. एका टेबलावर गोळ्यांचे वाटप, शेजारच्या टेबलावर चहा-बिस्किटे. कुणाच्या मनात वाईट नसते. पण सरकारने पैसे मोजले, आशाताईने डोंगर चढला, बाईने मळमळ सोसली आणि गोळीतले बरेचसे लोह वाया गेले.

गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, जमल्यास लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबरही ती घेऊ नये. त्या दोन गोळ्यांत काही तासांचे अंतर असावे. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने, झोपण्यापूर्वी घेतलेली गोळी अनेकींना सोसते.

आणि चहा? तो सोडा असे आम्ही सांगत नाही, सांगून कुणी सोडणारही नाही. दारी आलेल्याला चहा विचारणे ही गरिबातल्या गरीब घराचीही आब आहे. प्रश्न केवळ वेळेचा आहे. १९८३ च्या अभ्यासात जेवणापूर्वी तासभर घेतलेल्या कॉफीने लोहाला काहीच अडथळा झाला नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने तो झाला, कारण अन्न अजून पोटातच होते. २०१७ साली ब्रिटनमधील स्त्रियांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात जेवण आणि चहा यांत एक तासाचे अंतर ठेवल्यावर अडथळा बराच कमी झाला. म्हणून आम्ही बचतगटांच्या बैठकीत सोपा नियम सांगतो: चहा जेवणाआधी तासभर, नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी. बायकांना हे लगेच पटते. "उठल्यावर चहा, मग पाणी-सरपण, मग भाकरी," असा क्रम त्यांनीच सुचवला, आणि तो घड्याळ नसलेल्या घरातही पाळता येतो.

पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र चहा देऊच नये. त्यांचे पोट लहान असते. ते चहाने भरले की अन्नाला जागा उरत नाही. मोठ्यांनीही साखरेचा हिशेब करावा. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे साखर म्हणजे रोज ३० ते ४० ग्रॅम साखर होते. आणखी एक गोष्ट: ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटले. चुलीवरून उतरलेला चहा बशीत ओतून निववून पिण्याची आपली जुनी सवय चांगलीच म्हणायची.

वाईनची कीर्ती कशी झाली?

१७ नोव्हेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरदर्शन कार्यक्रमात एक कोडे मांडले गेले. फ्रेंच लोक लोणी, चीज, मांस भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी कसे? फ्रेंच शास्त्रज्ञ सर्ज रेनो यांनी याचे श्रेय रोजच्या वाईनला दिले. त्यानंतर अमेरिकेत लाल वाईनचा खप झपाट्याने वाढला. पुढे द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेरट्रॉल या पॉलिफिनॉलकडे सर्वांचे लक्ष गेले. २००६ साली चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांना ते मोठ्या प्रमाणात दिल्यावर ते अधिक जगले, अशी बातमी आली आणि वाईनला औषधाचा मान मिळाला.

पण हिशेब करून पाहा. एक लिटर लाल वाईनमध्ये रेझव्हेरट्रॉल असते काही मिलिग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांत दिवसाला शेकडो मिलिग्रॅम, कधी एक ग्रॅमपर्यंत दिले गेले. लिटरला पाच मिलिग्रॅम धरले, तरी ५०० मिलिग्रॅमसाठी रोज १०० लिटर वाईन लागेल! इटलीतील टस्कनी प्रांतात, जिथे वाईन जेवणाचाच भाग आहे, दोन गावांतील ६५ वर्षांवरील ७८३ लोकांचा नऊ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांच्या लघवीत रेझव्हेरट्रॉलचे अंश मोजले. ते अंश जास्त असलेले लोक अधिक जगले नाहीत, त्यांना हृदयविकार किंवा कर्करोगही कमी झाला नाही. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाने रेझव्हेरट्रॉलवर काम करणाऱ्या आपल्याच एका संशोधकाने शंभरहून अधिक ठिकाणी माहितीत फेरफार केल्याचे जाहीर केले होते.

मग थोडी पिणारे लोक न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी का दिसत? याचे एक कारण फार साधे आहे. 'न पिणारे' म्हणून ज्यांची गणना झाली, त्यांत आजारपणामुळे दारू सोडलेलेही होते. त्यांच्यामुळे न पिणाऱ्यांचा गट अधिक आजारी दिसला. शिवाय जेवणाबरोबर एक पेला वाईन घेणारा माणूस बहुधा सुस्थितीतला, चांगले खाणारा, वेळेवर डॉक्टरकडे जाणारा असतो. त्याच्या निरोगीपणाचे श्रेय पेल्याला मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था १९८८ पासून मद्याला माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ मानते. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की प्रकृतीला सुरक्षित म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. वाईनही त्यात आली.

म्हणजे चांगले जे काही आहे ते द्राक्षात आहे. ते ताज्या द्राक्षात, मनुकांत आणि प्रभुभोजनाच्या वेळी आपल्यापैकी बऱ्याच मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या न आंबवलेल्या रसातही असते. त्यासाठी मद्यार्क घेण्याची गरज नाही.

पौलाने तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते, याची कुणी आठवण करून देईल. ते खरेच आहे. त्या काळी द्राक्षारस औषधाच्या पेटीतही असे. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, तो त्याच कारणाने. स्वच्छ पाणी आणि जंतुनाशके नसलेल्या काळात एका आजारी तरुणाला दिलेला तो सल्ला होता, आणि त्यातही शब्द 'थोडा' असाच आहे. आज तीमथ्य आपल्या दवाखान्यात आला, तर त्याला उकळलेले पाणी आणि पोटाचे औषध देता येईल.

मोहाच्या दारूला ही सबब चालत नाही

वाईनचा हा शहरी युक्तिवाद आता पाड्यांवरही पोहोचला आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्या वेळी बराच वाद झाला. तेव्हा गावोगावच्या पुरुषांच्या तोंडीही एक वाक्य आले: "मोठी माणसे पितात ती औषध, मग आमची मोहाची का वाईट?" प्रश्नातला न्यायाचा भाग खरा आहे. श्रीमंताची वाईन औषध आणि गरिबाची दारू व्यसन, असे दोन मापांनी मोजणे चुकीचेच. पण त्याचे उत्तर दोन्हींना औषध म्हणणे हे नव्हे.

शिवाय मोहाच्या दारूत पॉलिफिनॉल जवळजवळ नसतातच. वाईन आंबवून गाळलेली असते, म्हणून सालीतला रंग आणि तुरटपणा तिच्यात उतरतो. मोहाची फुले आंबवून ती उकळतात, वाफ थंड करतात, आणि त्या वाफेची दारू होते. टॅनिन आणि त्याची भावंडे वाफेबरोबर वर जात नाहीत, ती मडक्यातच राहतात. वर येतो तो मद्यार्क. मोहाचे फूल मात्र खरोखर अन्न आहे. वाळवलेली फुले भाजून, शिजवून, भाकरीत किंवा लाडवात खाण्याची रीत आदिवासी घरांत जुनी आहे.

अनेक आदिवासी समाजांत मोहाला पूजेत आणि सणात मान आहे. त्याबद्दल बोलताना आपण बाहेरच्या न्यायाधीशासारखे बोलू नये. दारूचा भार कुणावर पडतो हे तेथील बायकांनाच सर्वांत चांगले ठाऊक आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, ती मुख्यतः तेथील लोकांच्या चळवळीने, आणि तीत बायका पुढे होत्या. मजुरीतील शंभर रुपये गुत्त्यावर गेले की त्या आठवड्यात घरात डाळ येत नाही. मग तोच फटका मुलांच्या आणि आईच्या रक्ताला बसतो.

मग चांगले पॉलिफिनॉल कुठून घ्यायचे?

रानातून आणि शेतातून. जांभूळ, करवंद, आवळा, बोर, चिंचेची कोवळी पाने, कुळीथ, चवळी, गडद सालीची नाचणी यांत ही द्रव्ये भरपूर आहेत आणि सोबत तंतू, जीवनसत्त्वे, खनिजेही मिळतात. जांभूळ-करवंदांसारखी तुरट फळे दोन जेवणांच्या मधे खावीत. आवळ्याची गोष्ट वेगळी. तो तुरट असला तरी त्यात क जीवनसत्त्व इतके असते की लोह शोषायला उलट मदतच होते. म्हणून आवळा, पेरू, कैरी किंवा लिंबू जेवणातच असावे. शिजवताना क जीवनसत्त्व नष्ट होते, तेव्हा लिंबू ताटात पिळावे, भांड्यात नव्हे.

नाचणीच्या कोंड्यातही लोहाला अडवणारी द्रव्ये असतात. धान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवले की ती कमी होतात. नाचणीचे सत्त्व आणि आंबील करणाऱ्या आजीबाईंना रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण त्यांची कृती बरोबर होती. डाळी-पालेभाज्यांबरोबर थोडी सुकट किंवा जवळा असला तर पालेभाजीतले लोहही अधिक शोषले जाते. लोखंडी तव्यावर, कढईत शिजवलेल्या अन्नात, विशेषतः आंबट पदार्थांत, थोडे लोह उतरते.

आपण काय करू शकता?

१. नाताळच्या भेटीत चहापत्ती-साखरेचे प्रमाण कमी करून त्या पैशात नाचणी, चवळी, हरभरे, गूळ, शेंगदाणे आणि शक्य तिथे एक लोखंडी कढई द्यावी. चहापत्ती अगदीच काढून टाकू नये, कारण तीही आनंदाची भेट आहे.

२. आपल्या मंडळीने आरोग्य शिबिर भरवले, तर चहा लोक आल्याबरोबर द्यावा आणि गोळ्या निघताना, पाण्याबरोबर. जेवण असेल तर सोबत लिंबाची फोड ठेवावी.

३. पाड्याला भेट द्यायला गेलात की यजमान चहा करतील. तो जेवणाआधीच आनंदाने घ्यावा. जेवणानंतर पुन्हा आग्रह झाला, तर पाणी मागावे. बाईमाणसेही आपल्याबरोबर तेच करतील.

४. अंगणवाडीच्या आवारात, मंडळीच्या जागेत, शाळेच्या कुंपणाला शेवगा, लिंबू, आवळा, पेरू लावण्यासाठी रोपे द्यावीत. पहिल्या दोन उन्हाळ्यांचे पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे.

५. आपल्या घरातील गरोदर सून, वाढत्या वयाची मुलगी, घरकामाला येणाऱ्या ताई यांनाही हा चहाचा नियम सांगावा. रक्तक्षय केवळ पाड्यावरच आहे असे नाही.

६. हृदयासाठी म्हणून कुणीही वाईन सुरू करू नये, आणि सुरू केली असेल तर त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

पहिल्या प्रश्नाचे उरलेले उत्तर यात आले आहे. पाड्यावर कोणता चहा पाठवावा याची चिंता नको, तो कधी प्यावा हे पोहोचवावे. आमच्या कार्यकर्त्या पुढील तीन महिने बचतगटांच्या बैठकीत आणि घरभेटीत हाच संदेश घेऊन जाणार आहेत, आणि जिथे आशाताईंकडे हिमोग्लोबिन तपासणीची सोय आहे तिथे गरोदर स्त्रियांची नोंद त्यांच्याबरोबर ठेवणार आहेत. या कामाची आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्या. आणि या अंकाचे हे पान वाचून झाल्यावर ते फाडून स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याजवळ लावा.